मदत हवी आहे: सोल संगीताच्या जुन्या तबकड्यांच्या पाकिटांना कसर लागली आहे

मँचेस्टरला राहतो. साठच्या दशकातल्या अमेरिकन सोलच्या ७ इंची तबकड्या जमवतो. परवा स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या निळ्या लेबलची एक काढली, तर पाकिटाची कड खरवडल्यासारखी आणि आतून चंदेरी कसर सळसळत पळाली. तबकड्या शाबूत आहेत. कपाट भिंतीपासून हलवलं, दमटपणा ५० टक्क्यांवर आणला, तरी दिसतेच. डांबरगोळ्या नकोत, काही तबकड्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या आहेत, नॅफ्थलीनच्या वाफेने त्या खराब होतात. फवारणीही नको, खिडकीलगतच्या पेटीत ब्लू टिट या छोट्या पक्ष्याची पिल्लं आहेत आणि आईबाप दिवसभर हिरव्या अळ्या आणून भरवतात (बघत बसावंसं वाटतं!). पाकिटं मूळ आहेत, बदलायची नाहीत. रिकामी पाकिटं पिशवीत बंद करून घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर किती दिवस ठेवली तर अंडीही मरतील, आणि बाहेर काढताना कागदाला ओल धरू नये म्हणून काय करायचं?