महागडे पिस्तूल रोज अंगावर बाळगावे, की ते रेंजपुरतेच ठेवावे?

प्रश्न: कमरपट्टा

नमस्कार. बरीच वर्षे पॉलिमरच्या साध्या पिस्तुलाने सराव केल्यानंतर मी १९११ धाटणीचे (त्या साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या पिस्तुलाच्या घडणीचे), पूर्ण पोलादी आणि कारागिराने हाताने जुळवलेले ९ मिमीचे पिस्तूल घेतले. नळी सव्वाचार इंचांची आहे, मॅगझिनमध्ये ९ काडतुसे बसतात आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन किलोच्या आसपास भरते. कपड्यांखाली बाळगण्याचा परवाना माझ्याकडे आहे, त्यामुळे कायद्याची शंका नाही. शंका आहे ती थोडी पिस्तुलाची आणि बरीचशी माझ्या मनाची.

नेमबाजीच्या रेंजवर या पिस्तुलासारखे दुसरे सुख नाही. ट्रिगरला रेंगाळणे ठाऊकच नाही. बोटाने ठरवावे आणि गोळी सुटलेली असावी, असा तो चालतो. २५ मीटरवर टेकूवरून झाडलेल्या पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातात. परंतु आतापर्यंतच्या ४२० फैरींत ते सात वेळा अडले आहे. चार वेळा स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे न सरकता थांबली, आणि तीन वेळा हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, गोळीचे टोक नळीच्या तोंडाजवळच्या उतारावर टेकून बसले. पहिल्या ५०० फैरी भरपूर तेल घालून झाडाव्यात आणि तोवर निष्कर्ष काढू नये, असे सोबतच्या पुस्तिकेत लिहिले आहे.

दुसरी गोष्ट अशी की हॅमर (घोडा) मागे ओढलेला, सेफ्टी लावलेली आणि नळीत काडतूस, अशा स्थितीत ते कमरेला लावण्याची माझी अजून छाती होत नाही. तिसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो: त्याच्या निळसर काळ्या पृष्ठभागावर होल्स्टरचा (कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानाचा) ओरखडा उठेल, या विचाराने मी ते कपाटातच ठेवतो आणि बाहेर पडताना जुने पिस्तूल घेतो. जे बाळगण्यासाठी घेतले तेच घरी राहते. ज्यांनी असे पिस्तूल खरोखर वर्षानुवर्षे अंगावर वागवले आहे, त्यांचे अनुभव ऐकायला आवडतील.

उत्तर १: पुंगळी

आपल्या तीन शंकांपैकी पहिलीच मला खरी वाटते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

या धाटणीचे मूळ, रचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत ६,००० फैरी न अडता चालले आणि त्याच महिन्यात ते स्वीकारले गेले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मात्र ते पिस्तूल आणि आपल्या कपाटातले पिस्तूल यांच्यात दोन मोठे फरक आहेत. एक म्हणजे सैनिकी पिस्तुलाचे सुटे भाग एकातून काढून दुसऱ्यात बसवता यावेत अशी अट असे, त्यामुळे भागांमध्ये थोडा वाव राही, आणि धूळ, काजळी, वाळलेले तेल यांना जायला जागा मिळे. आपले पिस्तूल अचूक आहे ते हा वाव कारागिराने घासून-घासून जवळजवळ नाहीसा केला म्हणून. स्लाइड शेवटच्या दोन मिलिमीटरांत थांबते, कारण नळीवरचे कंगोरे स्लाइडच्या खाचांत चढतात ते तिथेच, आणि घर्षण सर्वांत जास्तही तिथेच असते. ५०० फैरींची अट ही पळवाट नाही. उरलेले घासकाम आपल्याकडून करून घेतले जात आहे, एवढाच तिचा अर्थ. (इतके पैसे मोजून ते आपणच का करावे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.)

दुसरा फरक काडतुसाचा. मूळ आराखडा .४५ इंची काडतुसाभोवती बेतलेला आहे, ज्याची पूर्ण लांबी ३२.४ मिमीपर्यंत असते आणि गोळी गोल नाकाची. ९ मिमीचे काडतूस फार तर २९.७ मिमी लांब आणि पुढे किंचित निमुळते असते, म्हणून मॅगझिनमध्ये उरलेली जागा भरून काढावी लागते आणि काडतूस नळीकडे जाण्याचा कोनही बदलतो. ही जोडी काही नवी नाही. कोल्ट कंपनीने याच धाटणीचे आखूड नळीचे कमांडर पिस्तूल १९५० च्या सुमारास ९ मिमीमध्येही आणले होते. तरीही या धाटणीत ९ मिमी वापरताना सगळा भरवसा मॅगझिनच्या ओठांवर (वरच्या वळवलेल्या कडांवर) आणि स्प्रिंगवर असतो. म्हणून आधी प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घाला आणि पिस्तूल अडले की कोणत्या मॅगझिनने, कितव्या काडतुसाला आणि कशा प्रकारे अडले, ते तिथल्या तिथे वहीत लिहा. सात वेळा अडले, एवढ्यावरून मी काहीच सांगू शकत नाही. सातपैकी सहा वेळा एकच मॅगझिन होते असे कळले, तर पिस्तुलाला हात लावायची गरज नाही.

दोन सवयी तपासून पाहा. उघड्या नळीत हाताने काडतूस टाकून वरून स्लाइड सोडत असाल, तर ते आजच बंद करा. या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाला नळीतून मागे ओढणारा आकडा) म्हणजे स्लाइडच्या आत बसवलेली स्प्रिंग पोलादाची एक लांब पट्टी असते आणि तिची पकड तिला दिलेल्या बाकावरच अवलंबून असते. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तिच्या आकड्याखाली सरकत जावी अशी रचना आहे. आकड्याला कडेवरून उडी मारायला लावले की तो हळूहळू ढिला होतो किंवा त्याचा टवका उडतो. दुसरे म्हणजे, रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा नळीत भरू नका. दर वेळी उतारावर आपटून गोळी पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) आत दाबली जाते आणि आतली जागा घटली की दाब वाढतो. ९ मिमीची पुंगळी लहान असून तिचा कमाल दाब मुळातच दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे, .४५ चा २१,०००. इथे मिलिमीटरभराचा फरकही दुर्लक्षण्याजोगा नसतो.

माझा स्वतःचा नियम असा की बाळगायचे त्याच हॉलो पॉइंटच्या २०० फैरी, बाळगायच्या त्याच मॅगझिनमधून, एकदाही न अडता झाल्याशिवाय पिस्तूल कमरेला लागत नाही. एकदा अडले की मोजणी पुन्हा शून्यापासून. हे खर्चिक आहे, हे मान्य.

उत्तर २: डाव्या_कमरेचा

पुंगळी यांनी यंत्राबद्दल लिहिले आहे, मी बाळगण्याबद्दल लिहितो. मी डावखुरा असून अकरा वर्षे हीच धाटणी वापरतो आहे.

मागे ओढलेला हॅमर पाहून भीती वाटते, कारण तो दिसतो. स्ट्रायकर असलेल्या, म्हणजे बाहेर हॅमर नसलेल्या, पिस्तुलांतही स्प्रिंग पूर्ण किंवा अर्धी ताणलेली असते. ती दिसत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. आपल्या पिस्तुलात अंगठ्याची सेफ्टी सिअरला (हॅमर रोखून धरणाऱ्या तुकड्याला) अडवते आणि मुठीमागची सेफ्टी ट्रिगरला. खाली पडल्यावर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) स्वतःच्या वेगाने पुढे जाऊ नये यासाठी मात्र निरनिराळ्या उत्पादकांनी निरनिराळे उपाय योजले आहेत: कोल्टच्या सिरीज ८० मध्ये पिन अडवणारा वेगळा खटका आहे, तर ट्रिगर हलका राहावा म्हणून अनेक कारागीर तो गाळतात आणि हलकी पिन व जड स्प्रिंग वापरतात. आपल्या पिस्तुलात यातले काय आहे ते उत्पादकाला विचारून घ्या.

माझी खरी तक्रार दोन्ही बाजूंना खटका असलेल्या सेफ्टीबद्दल आहे. मला डावखुऱ्याला ती लागतेच, पण उजव्या हाताने वापरणाऱ्याला तिचा उपद्रवच अधिक, कारण बाहेरच्या बाजूचा खटका पट्ट्याला, गाडीच्या आसनाला, दरवाजाच्या चौकटीला घासून नकळत खाली येतो. दिवसाअखेर होल्स्टर काढताना सेफ्टी लावलेलीच आहे का, हे महिनाभर रोज पाहा. कधी खाली आढळली तर एकाच बाजूचा खटका बसवून घ्या किंवा होल्स्टर बदला.

होल्स्टर असे हवे की ट्रिगरचे कडे पूर्ण झाकले जाईल आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही त्याचे तोंड मिटणार नाही. त्याला ताठ पट्ट्याची जोड नसेल तर किलोभर पोलाद दुपारपर्यंत कंबर दुखवते आणि माणूस सारखा पट्टा वर ओढू लागतो. लपवलेले पिस्तूल बहुधा या ओढाताणीनेच उघडे पडते. परत ठेवताना घाई कधीही करू नये. सेफ्टी लावावी, बोट बाहेर, कपडा बाजूला, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी पाहावे, आणि अंगठा हॅमरच्या पाठीवर टेकवून पिस्तूल आत सरकवावे. अंगठा तिथे गेला की तळव्याचा वरचा भाग उचलला जातो आणि मुठीमागची सेफ्टी आपोआप लागते. जॅकेटच्या खालच्या कडेची नाडी ट्रिगरच्या कड्यात शिरण्याची शक्यता याच क्षणी सर्वांत जास्त असते.

रात्री मी पिस्तूल होल्स्टरसकट काढून कुलपाच्या पेटीत ठेवतो. त्यामुळे ट्रिगर झाकलेला राहतो आणि काडतूस रोज काढण्या-घालण्याचा प्रश्नही उरत नाही.

उत्तर ३: हलके_बरे

माझे मत वेगळे आहे. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी३६५ सारख्या पिस्तुलात जेमतेम अर्ध्या किलोत दहा काडतुसे बसतात, ते घामाने गंजत नाही, ओरखड्याचे दुःख होत नाही आणि ५०० फैरींची उमेदवारी करावी लागत नाही. शिवाय स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागलीच, तर पिस्तूल पुराव्यासाठी जप्त होते आणि परत यायला किती महिने लागतील, याचा नेम नसतो. कारागिराची वस्तू रेंजवर मनसोक्त वापरावी आणि अंगावर साधे पिस्तूल असावे. मला यात कोणताही विरोधाभास दिसत नाही.

उत्तर ४: डाव्या_कमरेचा

हलके_बरे यांचा जप्तीचा मुद्दा मान्य, बाकीचा अर्धाच मान्य. अर्ध्या किलोचे पिस्तूल बाळगायला सोपे आणि झाडायला अवघड असते. तोच धक्का निम्म्या वजनाला सोसावा लागतो, आणि म्हणून लोक त्याचा सराव टाळतात. प्रश्नकर्त्यांनी रेंजवर एक आणि अंगावर दुसरे ठेवले, तर हजारो वेळा घटवलेली हालचाल ज्या पिस्तुलाची आहे ते गरजेच्या वेळी हातात नसेल. अंगठ्याने सेफ्टी खाली करण्याची सवय असलेल्याने सेफ्टी नसलेले पिस्तूल हाताळले तर फारसे बिघडत नाही; उलट प्रकार मात्र घातक आहे. ट्रिगर दाबला जातो, काहीच होत नाही, आणि का होत नाही हे उमगण्यात सेकंद निघून जातो.

२५ मीटरवरच्या तळहाताएवढ्या गटावरूनही बाळगण्याची लायकी ठरत नाही. माझी चाचणी अशी आहे: रेंजवर पोहोचल्यावर हात गरम होण्याआधी, रोजच्या कपड्यांतून पिस्तूल काढून ७ मीटरवरच्या २० सेंटिमीटरच्या वर्तुळात दोन सेकंदांत एक गोळी. त्या दिवसाची पहिली गोळी तेवढी मोजायची. ज्या रेंजवर होल्स्टरमधून काढण्यास मनाई आहे तिथे हेच पिस्तूल दोन्ही हातांत छातीजवळ धरून सुरू करता येते, आणि काढण्याची हालचाल घरी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि नळी दोनदा तपासून घटवता येते.

प्रश्नकर्त्याची नोंद, सात आठवड्यांनंतर: कमरपट्टा

सर्वांचा आभारी आहे. मॅगझिनना क्रमांक घालून गोल नाकाच्या आणखी २५० फैरी झाडल्या. पिस्तूल चार वेळा अडले आणि चारही वेळा मॅगझिन क्रमांक ३ होते. ते आता सरावापुरतेही वापरत नाही. हॉलो पॉइंटसाठी रुंद तोंडाची गोळी सोडून अधिक गोलसर नाकाची निवडली. हाताने काडतूस टाकून स्लाइड सोडण्याची सवय मला होती, हेही इथे कबूल करतो. एक्स्ट्रॅक्टर तपासून घेतला आणि त्याचा बाक कारागिराने पुन्हा बसवून दिला.

पहिले पंधरा दिवस नळी आणि मॅगझिन रिकामे ठेवून, हॅमर मागे व सेफ्टी लावलेली अशा स्थितीत ते दिवसभर घरात वागवले. हॅमर एकदाही पडला नाही, आणि भीती त्यानेच गेली. सेफ्टी मात्र नवव्या दिवशी संध्याकाळी खाली आलेली आढळली. उजव्या बाजूचा खटका काढून टाकला आहे. पहिल्या थंड गोळीची वेळ सध्या २.६ सेकंद आहे आणि तीही दर वेळी वर्तुळात जात नाही, याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले.

स्लाइडच्या पुढच्या कडेचा रंग होल्स्टरने उडवला असून खालचे पोलाद पांढरे दिसू लागले आहे. पहिल्या दिवशी वाईट वाटले, आता मुख्यतः तिथे तेलाचा हात फिरवायचे लक्षात ठेवावे लागते. २०० पैकी १४० हॉलो पॉइंट न अडता झाल्या आहेत. उरलेल्या ६० होईपर्यंत बाहेर जाताना जुनेच पिस्तूल नेतो आहे.