मदत हवी आहे : उकिडवं बसण्याची सवय कशी नोंदवावी?

उकिडवं बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या पुढच्या कडेवर गुळगुळीत खुणा उमटतात. शरीररचनातज्ज्ञ हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या हाडांवर त्या वर्णिल्या. पण गर्भातही त्या सापडतात, म्हणजे त्या सवयीचा पक्का पुरावा नाहीत; म्हणून जिवंत माणसांचा घोटा किती वाकतो तेच मोजायचंय : अनवाणी पाय, गुडघा भिंतीला, टाच जमिनीला, मग अंगठा ते भिंत अंतर सेंटीमीटरमध्ये. टाच उचलली किंवा तळव्याची कमान आत कलली की आकडा फसवा वाढतो.

अडतंय ते सवयीपाशी. तासन्तासची खुरपणी आणि शौचाची पाच मिनिटं एकाच रकान्यात कशी घालायची? मिनिटं मोजावीत की खेपा? चवड्यांवर बसणाऱ्यांचा घोटा कमी वाकतो, त्यांना वेगळं धरायलाच हवं. शेतमजूर बायांसोबत काम केलेल्या फिजिओथेरपिस्टांकडे मराठी प्रश्नावली असल्यास कृपया द्या.