मदत हवी आहे : रेड अलर्ट आला की कॉलेज सोडायचं की मुलांना थांबवून घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

मी दापोली-गुहागर पट्ट्यातल्या एका सीनियर कॉलेजात शिकवते. एन.एस.एस. माझ्याकडे आहे, त्यामुळे कॉलेजचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने करायचं कामही यंदा माझ्याकडेच आलंय. आगीचं बरंचसं मार्गी लागलंय. सिलिंडर भरून घेतले, जिन्याखाली रचलेली मोडकी बाकं हलवली, घंटा वाजवून एकदा सगळी इमारत रिकामी करून पाहिली. घोडं अडलंय ते पावसापाशी.

गेल्या जुलैत सकाळी ऑरेंज अलर्ट होता, साडेअकराला रेड झाला. आम्ही लगेच कॉलेज सोडलं. मुलं घरी गेली की सुटलो, असंच सगळ्यांना वाटलं. एफ.वाय.ची एक मुलगी गावच्या एसटीत बसली. वाटेतल्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी जायला लागलं होतं, गाडी मागे फिरली. ही आणि आणखी दोघी तिथेच उतरल्या, वरच्या साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, पलीकडे जाऊ म्हणून. तिथे रेंज नाही.

तीन वाजता तिचे बाबा कॉलेजात आले. नखशिखांत भिजलेले, हातात मिटलेली छत्री. "मॅडम, ती इथनं किती वाजता निघाली? कुठल्या गाडीनं?" मला दोन्ही सांगता येईना. लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात आम्ही हजेरीपट उलटत बसलो. पहिल्या तासाला हजर, याच्यापुढे त्यात काहीच नव्हतं. रात्री आठला कळलं, साकवाजवळच्या एका आजींनी तिघींना घरात घेतलं होतं आणि पुढे पाऊल टाकू दिलं नव्हतं. मुली वाचल्या त्या आजींमुळे. आमचा त्यात काडीचा वाटा नव्हता, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाची शक्यता. पण तो जिल्ह्यासाठी असतो, आमच्या पऱ्याला पाणी कधी येईल ते तो सांगत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी कसं चढलं ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी मुलांना रस्त्यावर काढण्यापेक्षा कॉलेजात ठेवलेलं बरं, असं मला वाटायला लागलंय. मात्र वादळाचं वेगळं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या हॉलचे पत्रे उडाले. कॉलेज बंद होतं म्हणून निभावलं. आता स्लॅबखाली मोठी जागा म्हणजे लायब्ररी, तीही शंभरेक मुलांपुरती.

तुमच्याकडे हे कसं करतात? प्राचार्य बाहेरगावी असले तर निर्णय कोणी घ्यायचा? मुलींना रात्री ठेवायची वेळ आली तर पालकांची संमती आधीच घेता का? आणि कोण कुठल्या गाडीने गेलं याची नोंद पाचशे मुलांच्या गर्दीत कशी ठेवायची?

वाशिष्ठीकाठ :
मॅडम, मी वसतिगृहावर रेक्टर होतो. वर्गवार यादी अशा वेळी कामाची नाही, मार्गवार करा. एसटीच्या प्रत्येक मार्गाला एक शिक्षक आणि त्याच मार्गावरची दोन मोठी मुलं. मार्गात पाणी कुठे भरतं, दरड कुठे येते ते लिहा आणि त्या जागेजवळ राहणाऱ्या एकाचा नंबर घ्या. मुलांना सोडण्याआधी त्याला फोन, मग डेपोत वाहतूक नियंत्रकाला. दोन्हीकडून होकार आला तरच त्या मार्गाची मुलं सोडायची, बाकीची थांबतील. सगळ्यांना एकदम सुट्टी द्यायचीच नाही. याद्या कागदावर हव्यात, २०२१ला टॉवर बंद पडले होते. भरतीच्या वेळाही फळ्यावर लिहीत जा. भरती आणि पाऊस एकत्र आले की खाडीकडचं पाणी ओसरत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ शिपायांनाही पाठ हवा.

एक आई :
माझी लेक तुमच्यासारख्याच कॉलेजात आहे. संमती जूनमध्येच, प्रवेशाच्या वेळी घ्या, आम्ही आनंदाने देऊ. रात्री ती मॅडमजवळ आहे एवढं कळलं तरी पुरे. फक्त व्हॉट्सॲपवर टाकू नका, साधा एसएमएस करा. आमच्या वाडीत नेट नसलं तरी तो येतो. आणि ज्या घरी फोनच लागत नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या वाडीतला नंबर घेऊन ठेवा.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. आज बसून मार्ग मोजले, चौदा निघाले. बारा मार्गांवर पाण्याची जागा कुठली ते मुलांनीच पटापट सांगितलं, मला त्यातल्या चारच ठाऊक होत्या. साकवाजवळच्या आजींच्या नातवाचा नंबर यादीत पहिला लिहिलाय.

एक अडचण उरतेच. काही मुलं खाडीपलीकडून फेरीबोटीने येतात. वारा वाढला की बोट बंद होते आणि रस्त्याने वळसा फार लांबचा. दाभोळ-धोपावे किंवा दुसऱ्या कुठल्या फेरीवरची मुलं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी बोटवाल्यांशी आधी काय ठरवून ठेवलंय ते कृपया सांगा. जूनच्या आधी हे लिहून व्हायला हवं.