खांबांवरच्या त्या पट्ट्या एरुवच्या

शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळ, वेस्ट रॉजर्स पार्कात, विजेच्या खांबांना उभ्या पट्ट्या कशाला, असा प्रश्न पडतो. केबलवाल्यांच्या नव्हेत, बहुधा एरुवच्या, म्हणजे ज्यू वस्तीभोवती मानलेल्या धार्मिक कुंपणाच्या. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर वस्तू नेणं, बाबागाडी ढकलणं सनातनी ज्यूंना वर्ज्य. वस्तीभोवती अखंड कुंपण मानता आलं तरच चालतं. दोन खांब आणि वरची तार मिळून दाराची चौकट धरतात, आणि अशा चौकटींचं हे कुंपण. पण तार खांबाच्या माथ्यावरून न जाता बाजूला अडकवलेली असेल तर ती चौकट धरत नाहीत, म्हणून तारेच्या बरोब्बर खाली साधारण मीटरभर उंच पट्टी ठोकतात. खांब बदलताना ती निघाली किंवा बर्फाने तार तुटली, की अख्खा एरुव बाद! म्हणून तपासणी दर आठवड्याला, शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी. नंतर दुरुस्तीही करता येत नाही. बाद असेल तेव्हा घराची किल्ली कमरपट्ट्याच्या बकलाचा भाग करून नेतात. छत्री मात्र एरुव असला तरी उघडत नाहीत.