ओसीडीसाठी डीबीएस: काकांना पार्किन्सनमध्ये गुण आला, त्यावरून भावाचं ठरवता येईल का?

मृणाल_सहकारनगर

नमस्कार. प्रश्न धाकट्या भावाबद्दल आहे. वय 34, कॉलेजात असल्यापासून ओसीडी, म्हणजे नको ते विचार मनात घोळत राहतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. पहाटे नळाला पाणी आलं की त्याचं हात धुणं सुरू होतं. दुपारपर्यंत टाकीचा तळ दिसतो, पुन्हा मोटर लावावी लागते आणि त्यावरून सोसायटीतली बोलणी आईला खावी लागतात. कोपरापर्यंत कातडी फाटली आहे. आई रात्री खोबरेल लावून देते, की तेल लागलं म्हणून हा उठून परत धुतो. नोकरी केव्हाच सुटली.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, क्लोमिप्रामिन, सोबत रिस्पेरिडोन, सगळं झालं. ईआरपी नावाची थेरपी सुरू केली होती, पण घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावून न धुता बसायचं म्हटल्यावर तीन-चार बैठकांत त्याने सोडली.

आता डॉक्टरांनी डीबीएसचा विषय काढलाय, म्हणजे मेंदूत बारीक तारा घालून छातीत बसवलेल्या बॅटरीने करंट द्यायचं ऑपरेशन. बाहेरगावच्या एका संस्थेत अभ्यास चालू आहे, नाव सुचवतो म्हणाले. आमच्या काकांचं पार्किन्सनसाठी हेच ऑपरेशन झालंय. पूर्वी दोन्ही हातांनी धरूनही कपातला चहा बशीत यायचा, आज ते रोज सकाळी चालत सारसबागेला जाऊन येतात. त्यामुळे बाबांच्या मनाने घेतलंय: तेच मशीन, तोच मेंदू, मग थांबायचं कशाला? आई म्हणते, धडधाकट पोराच्या डोक्याला भोक पाडू देणार नाही.

काकांच्या अनुभवावरून भावाबद्दल काही सांगता येतं का? आणि ट्रायलमध्ये नाव घालण्याआधी काय विचारायचं?

सुनंदा_कर्वेरोड

मृणाल, ओसीडीबद्दल मी बोलू शकणार नाही, पण ह्यांचं पार्किन्सनसाठी डीबीएस झालंय म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या आधी एक चाचणी घेतात. रात्रीपासून लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची गोळी, बंद. सकाळी ह्यांना शर्टाचं वरचं बटण लागेना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितलं, दोन-तीनदा आपटून बोटं जागीच थिजली. मग गोळी दिली. साधारण पाऊण तासाने तेच बटण स्वतः लावलं आणि कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन वळून आले. डॉक्टर म्हणाले, गोळीने जे सुधारतं ते मशीन दिवसभर टिकवेल. गोळीने जे सुधारत नाही ते मशीननेही बहुतेक सुधारणार नाही. तसंच झालं. कंप आणि ताठरपणा उतरला, गोळ्या निम्म्यावर आल्या. बोलणं मात्र आधीच पुटपुटल्यासारखं होतं, ते तसंच आहे, थोडं अधिकच म्हणा.

आणखी एक गोष्ट काकांना जरूर सांगा. हे टिळक तलावावर पोहणारे. 2019 मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सगळे आधी चांगले पोहणारे, डीबीएसनंतर चालणं सुधारलं पण पाण्यात हातापायांचा मेळ बसेना. आमच्या डॉक्टरांनी एकट्याने पाण्यात उतरायला साफ मनाई केली आहे. हे घरी कोणी आपणहून सांगत नाही.

वैदेही_न

मृणाल, मी काही वर्षं अशा अभ्यासांमध्ये मानसशास्त्रीय मूल्यमापनाचं काम केलं, आता पुण्यातच प्रॅक्टिस करते. सविस्तर लिहिते, कारण काकांवरून भावाचा अंदाज बांधणं हीच सगळ्यात मोठी गफलत मी घराघरांत पाहिली आहे.

सुनंदाताईंनी सांगितलेली गोळीची चाचणी म्हणजे पार्किन्सनवाल्यांना ऑपरेशनआधीच मिळालेली झलक. ओसीडीत अशी झलक दाखवणारी चाचणी नाही. ऑपरेशननंतरही तोच फरक. पार्किन्सनचं प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीनचं सेटिंग लावणं, चालू असताना डॉक्टर एका हाताने रुग्णाचं मनगट फिरवत असतात आणि दुसऱ्या हाताने करंट किंचित किंचित वाढवतात. योग्य जागी आलं की मनगटातला अडखळता ताठरपणा काही सेकंदांत सैल पडतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसतो. ओसीडीत करंट वाढवला की कधी चेहरा खुलतो, कधी छातीत धडधड होते, कधी काहीच होत नाही. धुणं कमी झालं का, ते कळायला आठवडे, महिने जातात. सेटिंग बदला, वाट पाहा, पुन्हा बदला. ऑपरेशन एका दिवसाचं असतं, हे काम वर्षानुवर्षांचं. म्हणून माझा पहिला प्रश्न सर्जन कोण हा नसतो. पुढची पाच वर्षं सेटिंग कोण बदलणार आणि तो माणूस संस्था सोडून गेला तर कोण, हे मी विचारते.

पुराव्यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपासाठी हे तंत्र ग्रेनोबलला बेनाबिद यांच्या गटाने 1987 मध्ये सुरू केलं. पार्किन्सनवर नंतर शेकडो रुग्णांचे अभ्यास झाले. 2009 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात 255 रुग्ण होते. डीबीएस झालेल्यांना त्रासदायक हालचालींविना मोकळेपणाने वावरता येणारे दिवसाला सरासरी 4.6 तास जास्त मिळाले, फक्त औषधांवर असलेल्यांना शून्य. गंभीर त्रासही डीबीएसवाल्यांनाच जास्त झाले, हेही त्याच अभ्यासात आहे.

ओसीडीसाठी पहिली नोंद बेल्जियममधल्या ल्युव्हेनची, 1999 ची. 2008 चा फ्रान्सचा अभ्यास महत्त्वाचा मानतात, त्यात रुग्ण अवघे 16. प्रत्येकाला तीन महिने मशीन चालू आणि तीन महिने बंद, कोणतं कधी ते रुग्णाला माहीत नाही. ओसीडीची तीव्रता 40 पैकी मोजतात. मशीन बंद असताना सरासरी 28, चालू असताना 19. फरक खरा आहे, पण 19 म्हणजे आजार गेला असं नव्हे, मध्यम तीव्रतेचा उरला. आणि एवढ्याशा गटात 15 गंभीर घटना नोंदल्या गेल्या, त्यात एक मेंदूतला रक्तस्राव. अमेरिकेत 2009 मध्ये परवानगी मिळाली तीही मोजक्या रुग्णांसाठीच्या सवलतीखाली, जिथे उपयोग पूर्ण सिद्ध करावा लागत नाही, धोक्यापेक्षा संभाव्य फायदा जास्त दिसला की पुरतं. आजवरचे छोटे अभ्यास एकत्र केले तर सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण प्रतिसाद देतात. पण प्रतिसाद म्हणजे आकड्यात किमान 35 टक्के घट. भावाच्या तीव्रतेचा आकडा 34 असेल आणि 22 वर आला, तर कागदावर तो यशस्वी. घरात त्याचा अर्थ टाकी दुपारऐवजी संध्याकाळपर्यंत पुरेल, इतकाही असू शकतो. अनेक वर्षं कोंडलेल्या माणसाला तेवढंही फार असतं, मी पाहिलंय. पण बाबांच्या डोळ्यांसमोर सारसबागेतले काका आहेत, त्यांना हा हिशेब आधी समजायला हवा.

नैराश्यासाठी डीबीएस करून पाहिलं, त्या संशोधनाची कथा प्रत्येक कुटुंबाने ऐकावी असं मला वाटतं. 2005 मध्ये टोरोंटोत हेलन मेबर्ग यांच्या गटाने सहा रुग्णांवर प्रयोग केला, चौघांना चांगला गुण आला. मोठी आशा निर्माण झाली. मग 90 रुग्णांची ट्रायल झाली. तारा सगळ्यांच्या मेंदूत, पण 30 जणांचं मशीन सहा महिने बंद. चालूवाल्यांत 20 टक्के सुधारले, बंदवाल्यांत 17. ट्रायल मध्येच थांबवली. पुढे सगळ्यांचं मशीन चालू ठेवून पाठपुरावा केला तेव्हा दोन वर्षांनी जवळजवळ निम्मे सुधारलेले दिसले. काहींनी त्यात उशिरा येणारा गुण पाहिला. पण त्या टप्प्यात तुलनेला बंद मशीनचा गट नव्हता, त्यामुळे मी त्या निम्म्यांवर एकदम भिस्त ठेवत नाही.

अशा अभ्यासांतला मशीन बंद ठेवण्याचा काळ भावाला नीट समजावून सांगायला लावा. डोक्यात तार, छातीत बॅटरी आणि मशीन चालू की बंद ते माहीत नाही. त्याला पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याची सवय असेल, तर ही शंकाच त्याला कुरतडेल.

आता ईआरपी. तीन-चार बैठका म्हणजे थेरपी झाली असं कोणताही काटेकोर अभ्यास मानणार नाही. बंगळुरूला निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीचं खास क्लिनिक आहे, तिथे दाखल करून घेऊन ही थेरपी देतात. ते आधी करा, असं मी आग्रहाने सांगेन. डीबीएस झालं तरी ती टळत नाही. अॅमस्टरडॅमच्या 2010 च्या अभ्यासात थोडी सुधारणा दिसू लागताच रुग्णांना थेरपीला बसवलं होतं.

बॅटरीचं संमतीपत्रकात शोधा. ओसीडीत करंट जास्त लागतो, साधी बॅटरी पार्किन्सनपेक्षा लवकर संपते आणि ती संपली की लक्षणं उसळून परत येतात, मनही एकदम खचतं. ट्रायल संपल्यावर नवी बॅटरी कोणाच्या पैशाने? लेखी असेल तेच खरं.

मृणाल_सहकारनगर

वैदेहीताई, सुनंदाताई, खूप आभार. बाबांना रात्री सगळं वाचून दाखवलं. 34 चे 22 हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. भाऊ बाजूलाच होता. तो म्हणाला, "काय ते करून टाका, सुटेन एकदाचा." ही त्याची संमती समजायची का? आणि सह्या कोणाच्या लागतात?

वैदेही_न

नाही, याला संमती म्हणू नका. "सुटेन एकदाचा" हे वाक्य जसंच्या तसं त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता उद्याच फोन करा. जगणं नको झालंय का, हे त्याला सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. डीबीएसनंतर काहींचा मूड एकदम वर जातो, काहींचा खाली येतो, त्यामुळे आधी हे सावरलेलं असणं फार गरजेचं आहे.

सह्यांचं असं. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 96. मानसिक आजारासाठी सायकोसर्जरी, म्हणजे मेंदूवरची शस्त्रक्रिया, करायची तर ज्याच्यावर करायची त्याची स्वतःची माहितीपूर्ण संमती हवी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी हवी. वडिलांच्या सहीवर भागत नाही. डीबीएसमध्ये मेंदूचा भाग कापत नाहीत म्हणून हे कलम लागू नाही, असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. मला तो मान्य नाही. जी संस्था या दोन्ही पायऱ्या स्वतःहून पाळते, तिथेच मी माझ्या माणसाला पाठवीन. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा कागद मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, तिच्या वेबसाइटवर अभ्यासाची नोंद कोणालाही फुकट पाहता येते. किती रुग्ण घेणार, मशीन किती काळ बंद ठेवणार, यश कशाला म्हणणार, ते तिथे वाचा आणि तोंडी सांगितलेल्याशी ताडून पाहा.

सुनंदा_कर्वेरोड

मृणाल, आईंना माझा नंबर हवा असेल तर मेसेज कर. ऑपरेशनची भीती काय असते ते मला माहीत आहे, दुपारी निवांत बोलू.

वैदेही_न

आणि एक राहिलं. जाण्याआधी प्रत्येक गोळीचं नाव, जास्तीत जास्त डोस आणि तो किती आठवडे घेतला, असा एक कागद तयार करा. जुन्या फायली, केमिस्टची बिलं यांतून सापडेल. डोस पुरेसा नसताना किंवा पुरेसे आठवडे झालेले नसताना "औषध लागू पडलं नाही" असा शेरा बसलेला मी अनेकदा पाहिलाय. तसं काही निघालं तर ऑपरेशनआधी करण्यासारखं अजून बरंच शिल्लक असेल.