आयडी सारखा आला, म्हणून ऑब्जेक्ट तोच नव्हे
दोन वेगळ्या रिकाम्या लिस्टचा आयडी, म्हणजे ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक, पायथनमध्ये एकच कसा दिसतो, हा प्रश्न अगदी रास्त आहे. आयडी वेगळा असण्याची हमी फक्त ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंतच असते. सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत, आयडी म्हणजे मेमरीतला पत्ता. 'आयडी([]) == आयडी([])' चालवलं की पहिली लिस्ट बनते, तिचा पत्ता मिळतो आणि तिला धरून ठेवणारं कुणी नसल्याने रेफरन्स काउंट (तिला धरून ठेवणाऱ्यांची संख्या) शून्य होऊन ती लगेच नष्ट होते. दुसरी बहुतेकदा त्याच मोकळ्या जागेत येऊन बसते, म्हणून उत्तर ट्रू. उलट '[] इज []' (दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का, ही तपासणी) नेहमी फॉल्स, कारण तुलना होईपर्यंत दोन्ही जिवंत असतात.

खरा घोळ होतो तो आयडी डिक्शनरीची 'की' (नोंद शोधायची किल्ली) म्हणून वापरल्यावर. मूळ ऑब्जेक्ट जातो, नोंद मागे राहते, आणि त्याच पत्त्यावर आलेल्या नव्या ऑब्जेक्टला जुन्याचं उत्तर मिळतं. हा बग कधीतरीच दिसतो, त्यामुळे शोधताना जीव जातो. नोंदीत मूळ ऑब्जेक्टही साठवा, म्हणजे तो जिवंत राहतो. मेमरी अडकणं परवडत नसेल, तर 'वीकरेफ.फायनलाइझ' लावून ऑब्जेक्ट गेल्याबरोबर नोंद काढा. मात्र साध्या लिस्ट किंवा डिक्टचा वीक रेफरन्स (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा संदर्भ, ज्यावर 'फायनलाइझ' चालतं) घेता येत नाही. त्यासाठी त्यांचा सबक्लास करावा लागतो.