जुळ्यांची नॉर्मल डिलिव्हरी आणि लेबर रूममधलं रुटीन: सिस्टर / मिडवाइफ ताईंनी अनुभव सांगा प्लीज

मृ_सातारा
नमस्कार सगळ्यांना. मला ३१ वा आठवडा चालू आहे, जुळी आहेत, दोघांची वार (प्लासेंटा) वेगळी, पाण्याची पिशवी वेगळी (रिपोर्टवर डीसीडीए लिहिलंय). मोठी मुलगी नॉर्मल झाली होती. आत्ताच्या सोनोग्राफीत पहिल्या बाळाचं डोकं खाली आहे, दुसरं आडवं आहे. डॉक्टर म्हणाले जुळी म्हणजे सिझरच, ३६ व्या आठवड्यातली तारीख घेऊन टाका. सिझरला मी घाबरत नाहीये, लागलं तर लागलं, पण कारण विचारलं की "रिस्क कशाला घेताय" एवढंच उत्तर मिळतं. आणि मागच्या वेळचं अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलला होते, तिथे गेल्या गेल्या शेव्हिंग, एनिमा, सलाईन, उताणं झोपवून ठेवलं, कळा येत होत्या तरी कुशीवर वळू देईनात, शेवटी एका बाईने पोटावर कोपराने जोर दिला आणि न विचारता कट घेतला. टाके किती दिवस दुखत होते. सासूबाई सांगतात त्यांच्या चुलतसासूची जुळी गावातल्या सुईणीने घरीच काढली, दोन्ही धडधाकट. घरी वगैरे मी करणार नाहीये, पण लेबर रूममध्ये काम केलेलं कुणी असेल तर सांगा ना, जुळ्यांना यातलं खरंच काय लागतं आणि काय नुसतं सवयीने करतात?

रिटायर्ड_सिस्टर
मृ बाळा, तुझं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी सगळी नोकरी सरकारी लेबर रूममध्ये गेली, जुळी भरपूर बघितली, तिळीसुद्धा. डोकं खाली असेल तर पहिलं बाळ बहुतेक वेळा त्रास देत नाही, एकट्या बाळासारखंच येतं, त्यात जुळी वजनाला लहान असतात. खरं काम पहिलं बाहेर आल्यावर सुरू होतं. सगळे मुलगा का मुलगी बघत असतात तेव्हा एका सिस्टरचा हात पोटावर पाहिजे. गर्भपिशवीत एकदम जागा मोकळी झालेली असते, दुसरं उभं आहे का आडवं झालं ते चाचपायचं, लगेच ठोके ऐकायचे, बाहेरून दोन्ही हातांनी त्याला उभं धरून ठेवायचं. आणि बाळाचा खाली आलेला भाग नीट टेकेपर्यंत दुसऱ्याचं पाणी फोडायचं नाही, घाईने फोडलं आणि बाळाआधी नाळच खाली उतरली तर बाळ मिनिटांत हाताचं जातं. कळा मंदावल्या तर त्या वाढवायची ड्रिप लावतात, ती इथे गरजेची असते, तिला नाही म्हणू नको. अजून एक, बाळ झाल्यावर वार पडायला मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात ना, ते पोटात दुसरं नाही याची खात्री झाल्याशिवाय द्यायचंच नाही. पूर्वी एकही सोनोग्राफी न झालेल्या बायका यायच्या, पहिलं झालं तरी पोट खाली बसलं नाही की आम्ही समजायचो आत अजून एक आहे.

दुसरं आडवंच राहिलं तर डॉक्टर आत हात घालून पाय धरून पायाळू काढतात. जुने डॉक्टर हे बिनधास्त करायचे, आता बऱ्याच जणांचा हात त्यात बसलेला नाही. म्हणून तू हाच प्रश्न विचार, "दुसरं आडवं राहिलं तर तुम्ही खालून काढता का?" नाही म्हणाले तर त्यांच्याकडे सिझरच बरं, आणि ते खरं बोलले म्हणून त्यांचा मान ठेव.

आता तुझ्या बाकीच्या गोष्टी. शेव्हिंग आणि एनिमा काही उपयोगाचे नाहीत, एकाला नाही आणि दोघांनाही नाही. हाताला सुई लावून ठेवू दे, कारण दोन बाळांनी ताणलेली पिशवी नंतर पटकन आकसत नाही आणि रक्त जास्त जाऊ शकतं, तेव्हा शीर शोधत बसायला वेळ नसतो. पण गरज नसताना बाटली टांगून तुला पलंगाला बांधून ठेवायचं कारण नाही. पोटावर कोपर मात्र कधीच नाही, पिशवी फाटू शकते. दुसऱ्याला बाहेरून धरणं वेगळं आणि खाली ढकलणं वेगळं, हे आमच्यातल्याही काही जणींना कळत नव्हतं आणि मी त्यावरून भांडणं केलीत. कट बाळ अडलं किंवा त्याचे ठोके कमी झाले तर घ्यावा, तोही सांगून आणि भूल देऊन. तुझ्या सासूबाईंच्या त्या सुईणीला मी नावं ठेवणार नाही, त्या बायांच्या हातात ज्ञान होतं, पण रक्त थांबेना झालं तर तिच्याजवळ काही नव्हतं. हॉस्पिटल त्यासाठी पाहिजे.

लीड्सची_मिडवाइफ
सिस्टर 🙏 प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी इथे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत (एनएचएस) मिडवाइफ आहे, थोडी भर घालते. "जुळी म्हणजे सिझरच" याला पुरावा नाही. २०१३ मध्ये ट्विन बर्थ स्टडी आला, २५ देश, २८०० बायका, सगळ्यांचं पहिलं बाळ डोकं खाली. निम्म्यांचं सिझर ठरवलं, निम्म्यांचं नॉर्मल. बाळ जाणं किंवा गंभीर त्रास होणं हे सिझरवाल्यांत २.२ टक्के आणि नॉर्मलवाल्यांत १.९, म्हणजे फरक नाहीच. पण त्याच अभ्यासात नॉर्मल ठरवलेल्यांपैकी साधारण ४४ टक्क्यांना शेवटी सिझर लागलं, त्यामुळे मनाची तयारी दोन्हीची ठेव. आमच्याकडे वेगळ्या वारेच्या जुळ्यांना सगळं ठीक असेल तर ३७ आठवड्यांपर्यंत थांबतात, ३६ हा आकडा एका वारेवाल्यांचा आहे, तेव्हा तुझ्या तारखेमागे दुसरं काही कारण आहे का (बाळांची वाढ, तुझं बीपी) ते नक्की विचार. मॉनिटर मात्र सतत लागतो, दोघांचे ठोके वेगवेगळे दिसायला हवेत, नाहीतर एकाचेच दोनदा मोजले जातात. पट्टे लावलेले असले तरी कुशीवर वळता येतं, बसता येतं, बॉलवरही बसवतो आम्ही. एपिड्युरल (पाठीतून देतात ती भूल) जुळ्यांना सुचवलं जातं कारण दुसऱ्यासाठी आत हात घालायची किंवा ऑपरेशनची वेळ आली तर भूल तयार असते. आणि शेव्हिंग, एनिमा, सरसकट कट, पोटावर जोर हे चारही करू नका असं डब्ल्यूएचओने २०१८ च्या गाईडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय.

दोन_पिल्लं_नाशिक
माझी दुसरी बाजू सांगते. माझं पहिलं नॉर्मल झालं आणि दुसऱ्याचे ठोके एकदम खाली गेले, तसंच ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) नेऊन सिझर केलं. म्हणजे खाली टाके आणि पोटावरही टाके, दोन्हीकडून रिकव्हरी. नणंद म्हणाली आधीच सिझर केलं असतं तर. पण मला तसं वाटत नाही कारण ओटी शेजारीच होती, भूल देणारे डॉक्टर आणि बाळांचे डॉक्टर आधीपासून खोलीत उभे होते, आणि मला प्रत्येक वेळी सांगत होते आता काय करतोय. एक सिस्टर शेवटपर्यंत डोक्याशी होती, तिचा हात मी सोडला नाही. दोन्ही पोरं दणकट आहेत. फक्त जिथे भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो तिथे जुळी नॉर्मल करू नकोस ग, रात्री तो यायला वेळ लागला तर काय.

मृ_सातारा
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना रडू आलं. आज व्हिजिट होती, नवऱ्याला घेऊन गेले आणि सगळं विचारलं. डॉक्टर यावेळी नीट बोलले. वाढ चांगली आहे, बीपी ठीक आहे, ३६ चं खास कारण नाही म्हणाले. पण आडवं बाळ ते खालून काढत नाहीत आणि भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतात. मग स्वतःच पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. तिथे पुढच्या आठवड्यात जायचंय. एक राहिलं, घर ते पुणे अंतर बघता कळा आधीच सुरू झाल्या तर?

रिटायर्ड_सिस्टर
होऊ शकतं, निम्म्याहून जास्त जुळी ३७ च्या आत येतात. तेव्हा ३४ नंतर पुण्यातच कुणाकडे राहायला जाता आलं तर जा. तोपर्यंत पाणी गेलं, रक्त दिसलं, पोट थोड्या थोड्या वेळाने कडक व्हायला लागलं की १०८ ला फोन, आधी जवळच्या सरकारी हॉस्पिटलला. लवकर असेल तर बाळांच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं तिथेच सुरू करून पुढे पाठवतात. फाईल पिशवीत घालून दाराशी ठेव, पहिल्याच पानावर ब्लड ग्रुप आणि हिमोग्लोबिन लिही. हिमोग्लोबिन किती आहे तुझं? ते नाही सांगितलंस.

मृ_सातारा
९.८ आहे सिस्टर. लोहाच्या गोळ्या चालू आहेत पण मळमळतं म्हणून मधेमधे सुटतात.

रिटायर्ड_सिस्टर
सोडू नको. रात्री झोपताना घे, चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. तरी चढलं नाही तर पुण्याला शिरेतून लोह देतात का विचार, तेवढा वेळ अजून आहे तुझ्याकडे. आणि घरातल्या दोघातिघांना रक्त द्यायला तयार राहायला सांग.